मीठ धुणाऱ्या घरातली मुले : टिळक कुटुंबाच्या तीन पिढ्या आणि आईबापांची भांडणे

(धागा)

१/
मीठ पाण्याने धुतले तर मागे काय उरते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिकजवळच्या जलालपूर गावातील एका घरात हा प्रश्न विनोदाचा नव्हता. घरधनी नाना गोखले यांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्यातून मीठ आणि साखरही सुटत नसे. या घरात मनू नावाची मुलगी वाढत होती. पुढे ती लक्ष्मीबाई टिळक झाली आणि तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली.

२/
‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र, हे आपण शाळेत ऐकतो. ते एका कवीच्या पत्नीचे कथन म्हणून वाचले जाते, धर्मांतराचा इतिहास म्हणून वाचले जाते, स्त्रीच्या निर्भीड विनोदासाठी तर वाचले जातेच. आज ते वेगळ्या बाजूने वाचू. आईबापांचे जमत नाही अशा घरात मुलांचे काय होते, याची तीन पिढ्यांची नोंद या एका कुटुंबाच्या इतिहासात सापडते. इतकी सलग नोंद मराठीत अन्यत्र क्वचितच असेल.

३/
एक खुलासा आधीच केलेला बरा. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, दापोली तालुक्यातील करजगावचे. ‘रेव्हरंड टिळक’ म्हणून प्रसिद्ध झालेले कवी. त्यांचे वडील वामनराव आणि आई जानकीबाई. मनूचे वडील नाना गोखले. आणि नारायण व लक्ष्मीबाई यांचा मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू. ही नावे ध्यानात ठेवावीत, कारण पुढे पिढ्यांमध्ये मागे-पुढे जावे लागणार आहे.

४/
प्रथम नानांचे घर. नानांचे सोवळे हे केवळ कर्मठपणाचे टोक नव्हते. १८५७ च्या धामधुमीत त्यांचे सासरे वासुदेव भगवंत जोगळेकर यांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्यानंतर नानांच्या मनाने हे वळण घेतले, अशी संगती खुद्द त्यांच्या मुलीनेच लावली आहे. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ चे बंड मोडल्यावर प्रकरण संपते. जलालपूरच्या या घरात ते पुढची कित्येक वर्षे दररोज सकाळी पाण्याच्या घागरीबरोबर पुन्हा सुरू होत असे.

५/
आता एक गोष्ट नीट पाहावी. या घरात नवरा-बायकोचे ‘भांडण’ जवळजवळ नव्हतेच. नाना चिडत, आई सोसत असे. वादाला दोन आवाज लागतात. इथे एकच होता. बाहेरून पाहणाऱ्याला हे घर कडक पण शिस्तीचे वाटले असेल. आतली मुले मात्र वडिलांच्या चाहुलीवर जगत होती. काय शिवले, काय शिवले नाही, काय सांगायचे आणि काय लपवायचे, याचा हिशेब घरातल्या लहानथोर प्रत्येकाला करावा लागे.

६/
लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, आणि आपणही हसतो. तरी तो विनोद उघडून पाहिला तर आत एक लहान मूल दिसते. मोठ्या माणसाचा चेहरा वाचून दिवस काढण्याचे शिक्षण त्याला फार लवकर मिळाले आहे. मनूचे बरेचसे बालपण पुढे नातलगांच्या घरी गेले. वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. वराचे नाव नारायण.

७/
त्या वराचे बालपण कसे होते? नारायणाची आई जानकीबाई मायाळू होती आणि तिला कवितेची गोडी होती. वडील वामनराव अतिशय कडक, तापट. या घरातही जोर एकाच बाजूला होता. नारायण लहान असतानाच आई गेली. त्यानंतर वडिलांच्या घराशी त्याचा धागा टिकला नाही. तो घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला.

८/
आईची कविता आणि वडिलांचा संताप, असा दुहेरी वारसा घेऊन हा तरुण संसाराला लागला. ‘स्मृतिचित्रे’मधील टिळक एकाच वेळी अत्यंत प्रेमळ आणि अत्यंत शीघ्रकोपी आहेत. हातात पैसा टिकत नाही. मनात आले की घर सोडून निघतात. कुठे गेले, केव्हा येतील, याचा पत्ता नसतो. संतापतात, आणि तितक्याच वेगाने पश्चात्तापही करतात.

९/
बापाचे दोष मुलात जसेच्या तसे उतरतात, असा ठोकळेबाज निष्कर्ष येथे काढायचा नाही. वामनराव आणि नारायणराव यांच्यात मोठा फरक आहे. नारायणरावांना आपल्या रागाची लाज वाटत असे. आणि दुसरा, कदाचित याहून मोठा फरक म्हणजे समोरची व्यक्ती. लक्ष्मीबाई आपल्या आईसारख्या गप्प बसल्या नाहीत. त्या उलट बोलत, टोमणा मारत, रुसत, हसत आणि हसवीत. म्हणजे टिळकांच्या घरात भांडणाचा आवाज आजोळच्या घराहून मोठा होता.

१०/
मग प्रश्न असा की मुलासाठी कोणते घर बरे? जिथे आई मुकाट्याने सोसते ते शांत घर, की जिथे दोघेही भांडतात आणि मग सावरतात ते गोंगाटाचे घर?

आपल्या चरित्रलेखनाने याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या घराच्या बाजूने दिले आहे. ‘सोशिक’ हे मराठी चरित्रांतील आईचे सर्वांत आवडते विशेषण. मला ते फसवे वाटते. सोशिकपणाने भांडण मिटत नाही. फक्त त्याचा आवाज बंद होतो. आणि आवाज बंद झाला म्हणून मुलाला ते कळत नाही, असे नाही.

११/
हे केवळ माझे मत नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून हाच प्रश्न प्रयोगांनी तपासला. मोठ्या माणसांमधील राग पाहताना मुले कशी अस्वस्थ होतात, हे त्यांनी नोंदवले. दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक, अबोल राग, म्हणजे घुमेपणा, तुटक वागणे, तोंड फिरवणे, हाही मुलांना बोललेल्या रागासारखाच जाणवतो. दोन, भांडण खरोखर मिटलेले मुलांनी पाहिले तर त्यांची अस्वस्थता पुष्कळच कमी होते.

दुसरी गोष्ट जरा थांबून वाचण्यासारखी आहे. आपल्याकडे मुलांसमोर भांडू नये असे सांगतात, आणि मुलांसमोर भांडण सुरू झालेच तर मिटवण्याचे काम मात्र रात्री दार लावून होते. मुलाच्या हाती पडतो तो फक्त पूर्वार्ध.

१२/
आता या कथेतील सर्वांत कठीण काळाकडे वळू. १८९० च्या दशकात टिळक नागपूर भागात होते. तेथून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची भेट झाली. त्याने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. पुढे बराच काळ मनाची घालमेल होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंचा या निर्णयात काहीही सहभाग नव्हता. दत्तूचा जन्म १८९१ चा. तो तेव्हा चार वर्षांच्या आत-बाहेर होता.

१३/
त्या काळी अशा घटनेचा अर्थ काय होता, हे आज कल्पनेनेच समजावे लागते. ब्राह्मण समाजाच्या दृष्टीने टिळक मेल्यात जमा झाले. नवरा जिवंत असून बायको ना सधवा, ना विधवा. तिच्या हातचे पाणी त्याला चालेल, त्याच्या हातचे तिला नाही. आणि या दोहोंच्या मधोमध एक लहान मुलगा, जो दोघांचाही होता.

दत्तू कोणाचा?

१४/
कायद्याला विचारले असते तर उत्तर सोपे होते : बापाचा. १८९० चा ‘पालक व पाल्य कायदा’ नुकताच आला होता. बाप हयात आहे आणि न्यायालयाला तो अयोग्य वाटत नाही, तोवर अल्पवयीन मुलाला दुसरा पालक नेमता येत नसे. बापाने धर्म बदलला म्हणून हक्क बुडत नव्हता. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे हक्क जाण्याची जुनी रूढी निष्प्रभ केली होती.

याखेरीज १८६६ चा आणखी एक कायदा होता. नवऱ्याने वा बायकोने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि जोडीदार त्या कारणाने नांदेना, तर न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेण्याची सोय त्यात होती. विचार करण्यासाठी एक वर्षाची मुदत द्यायची, आणि तरीही नकार कायम राहिला तर बंधन तुटायचे.

१५/
धर्मांतर आणि मूल हा विषय मुंबई इलाख्यात किती ज्वालाग्राही होता, याचे एक जुने उदाहरण. १८४३ साली नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अल्पवयीन होता आणि मिशनच्या आश्रयाला होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि मुलगा त्यांना परत मिळाला. निकाल लागला, तंटा मिटला नाही. ख्रिस्ती घरात राहून आलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला.

कोर्ट मूल कोणाच्या हाती द्यायचे ते ठरवू शकते. त्या हातात मूल पुढे कसे जगेल, हे कोर्टाच्या कागदावर लिहिलेले नसते.

१६/
टिळकांपाशी हे दोन्ही मार्ग मोकळे होते. मुलगा मिळवण्यासाठी दावा लावता आला असता. १८६६ च्या कायद्याने लग्न मोडून दुसरे करता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. हा तंटा कोर्टात गेलाच नाही.

माझ्या मते टिळकांच्या आयुष्यातील ही एक मोठी कृती आहे, कवितेइतकीच मोठी. ज्या माणसाचा राग प्रसिद्ध होता, त्याने हाती असलेले हत्यार वापरले नाही.

१७/
पण केवळ टिळकांची थोरवी गाऊन थांबलो तर अन्याय होईल. पुढची चार-पाच वर्षे जे घडले ते अनेकांच्या हातून घडले.

लक्ष्मीबाई आणि दत्तू यांना थोरली बहीण आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी पंढरपुरी आपल्या घरी आधार दिला. समाजाचा दाब त्या घरावरही होता. तरी मुलाला एक स्थिर घर मिळाले. तेथे त्याच्या आईला रडायला जागा होती, आणि बापाचे पत्र आले तर ते उघडायला मज्जाव नव्हता. भांडणाऱ्या जोडप्याच्या नातलगांनी काय करावे, याचा याहून चांगला नमुना शोधावा लागेल. नाहीतर बहुतेक वेळा तिसरे घर आगीत तेल ओतायलाच बसलेले असते.

१८/
या काळात टिळक पत्रे लिहीत राहिले. कधी विनवणी, कधी समजावणी, कधी कविता. आणि येथे एक अद्भुत गोष्ट घडली. ज्या मुलीला शाळा ठाऊक नव्हती, जेमतेम अक्षरओळख जिला लग्नानंतर झाली, ती लक्ष्मीबाई याच विरहात कविता करू लागली. नवऱ्याच्या कवितेला बायकोची कविता उत्तर देऊ लागली.

पत्राचा एक गुण आहे. ते लिहायला वेळ लागतो आणि पोहोचायला त्याहून अधिक. संतापाचे वाक्य पोस्टाच्या थैलीतून जाईपर्यंत लिहिणाऱ्याचा संताप उतरलेला असतो. शिवाय दोन मोठ्या माणसांचे बोलणे दोन मोठ्या माणसांतच राहते. निरोप्या म्हणून मुलाला मधे उभे करावे लागत नाही.

१९/
क्षणभर आजच्या काळात येऊ. खालापूर तालुक्यात चौकजवळ, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर लोधिवली नावाचे गाव आहे. पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यांचा हा परिसर. समजा, अशा गावातल्या जोडप्याचे बिनसले. बाप कारखान्याच्या पाळीवर, आई माहेरी, मूल आजीकडे. फोन प्रत्येकाच्या हातात, पण दोघांचे बोलणे बंद. मग मुलाच्या कानाला फोन लावला जातो : पप्पांना सांग, शाळेची फी भरायची आहे. पप्पा म्हणतात : मम्मीला सांग, आधी घरी ये.

वाक्ये साधी आहेत. पण ती ज्याच्या तोंडून जातात त्याला दोन्हीकडचा राग प्रथम स्वतः झेलावा लागतो. १८९६ सालच्या पंढरपुरात हे काम टपाल खाते करीत होते.

२०/
आणखी एका संशोधनाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट आणि लंडन येथील मुलांच्या अभ्यासावर आधारित एक निबंध १९७१ साली प्रसिद्ध केला. तोवर असे मानले जाई की आईबापांपासून ताटातूट झाली की मूल बिघडते. रटर यांना दिसले ते निराळे होते. आजारपण किंवा तत्सम कारणाने काही काळ ताटातूट झालेल्या मुलांत वर्तनाच्या तक्रारी तशा वाढलेल्या नव्हत्या. त्या वाढलेल्या होत्या घरातील कलहामुळे ताटातूट झालेल्या मुलांत. आणि आईबाप एकत्र राहूनही सतत कलह असेल, तरी त्याचा परिणाम दिसत होता. उलट, दोघांपैकी एकाशी जरी मुलाचे नाते जिव्हाळ्याचे राहिले, तर ते बरेच सावरलेले आढळले.

दत्तूच्या वाट्याला अंतर आले, ओढाताण कमी आली. त्याची आई त्याच्याजवळ होती आणि त्याचा बाप शत्रू ठरवला गेला नव्हता.

२१/
पुनर्मीलनही एका झटक्यात झाले नाही, आणि हा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. अहमदनगर आणि राहुरी येथे दोघे जवळ आली ती पायरी-पायरीने. आधी वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी ‘माझा धर्म स्वीकार, मगच माझ्या घरी ये’ अशी अट घातली नाही. लक्ष्मीबाईंनी ‘परत हिंदू व्हा, मगच येते’ असा हट्ट शेवटपर्यंत धरला नाही. एका अंगणात दोन आचार नांदले.

पुढे स्पृश्यास्पृश्यतेविषयी लक्ष्मीबाईंचे मन स्वतःच्याच विचाराने पालटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्या नानांच्या मुलीने सोवळे सोडले, ते कोणी सक्ती केली म्हणून नव्हे.

२२/
वेगळ्या चुलीची ही व्यवस्था आधुनिक समुपदेशकाला परिचित वाटेल. सर्व मतभेद मिटल्यावर एकत्र येऊ, असे ठरवले तर ती वेळ येत नाही. कोणत्या गोष्टीवर मतभेद तसेच राहू द्यायचे आणि कोणत्या गोष्टी मुलासाठी तरी चालू ठेवायच्या, एवढे ठरले तरी पुष्कळ होते. टिळक दांपत्याने हे कोणत्याही पुस्तकाविना केले. त्यानंतरही त्यांची भांडणे संपली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. टिळक शेवटपर्यंत टिळकच राहिले. १९१७ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, तेव्हाही घराची घडी पुन्हा विसकटलीच. पण तोवर दत्तू सव्वीस वर्षांचा झाला होता.

२३/
कायद्याला मात्र या शहाणपणापर्यंत यायला फार वेळ लागला. १८९० च्या कायद्यात ‘पाल्याचे हित’ हा शब्दप्रयोग होता. मूल समजदार असेल तर त्याची इच्छाही विचारात घेण्याची मुभा होती. प्रत्यक्षात बापाचा हक्क वरचढ राहिला. १९४१ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यांत सरस्वतीबाई विरुद्ध श्रीपाद हा निवाडा प्रसिद्ध आहे : लहानग्या मुलाला आईची जागा दुसरे कोणी भरून देऊ शकत नाही, असा त्याचा रोख होता.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले आणि मुलाचे हित सर्वोपरी मानले; तरी नैसर्गिक पालक म्हणून नाव बापाचेच आधी. बाप हयात असतानाही आई पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते १९९९ साली, लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात. तोही सुरू झाला एका क्षुल्लक वाटणाऱ्या कागदावरून : मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आईची सही चालेल की नाही?

२४/
भांडणारी जोडपी फौजदारी आणि दिवाणी खटल्यांच्या त्याच गर्दीत उभी राहू नयेत, म्हणून १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली. समेटाचा प्रयत्न करणे हे तेथे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे, आणि मदतीला विवाह समुपदेशक असतात. पंढरपूरच्या मेहुण्यांनी जे केले, त्याला शासनाने दिलेले हे पगारी रूप, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

अशी न्यायालये सर्वत्र नाहीत. जिथे ती नाहीत तेथे हे दावे नेहमीच्या दिवाणी न्यायालयांतच चालतात. पण प्रत्येक इतिहासप्रेमी वाचकाला ठाऊक असावे असे एक कलम सांगतो : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्री आणि मूल यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, आणि त्यासाठी तालुका पातळीवर समितीची तरतूद आहे.

२५/
गावपातळीवरचा आपला अलीकडचा प्रयोग म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. १५ ऑगस्ट २००७ पासूनची. तंटे गावातच मिटावेत, कोर्टाची पायरी चढावी लागू नये, हा हेतू चांगला, आणि अनेक जुने वाद त्यातून मिटलेही. पण पुरस्कार मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यावर मिळू लागला की एक धोका येतो. नवरा-बायकोचे भांडण ‘मिटवायचे’ म्हणजे बऱ्याचदा बाईला परत पाठवायचे. असा तंटा नोंदवहीत मिटतो, आणि घर मात्र पुन्हा जलालपूरच्या चालीवर येते : एकच आवाज, आणि चाहूल घेत बसलेली मुले.

जिथे मारहाण आहे तिथे समेटाची भाषा आधी नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षणाबरोबर मुलाचा तात्पुरता ताबा मागण्याची सोय याचसाठी आहे. आणि मुलाला स्वतःला फोन करायचा असेल तर १०९८ हा क्रमांक आहे; त्याची सुरुवात १९९६ साली मुंबईत झाली.

२६/
पुन्हा दत्तूकडे. देवदत्त टिळक मोठे झाले, लेखक-संपादक झाले. १९१९ मध्ये वडील वारले. वडिलांचे चरित्र लिहावे असे मुलाच्या मनात होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहिण्याचा आग्रह केला. चार वर्षांचा असताना ज्याचे घर दुभंगले, तो मुलगा मोठेपणी आईला विचारतो : बाबा कसे होते ते सांग.

२७/
या प्रश्नाला कडवट उत्तर देण्याचा पूर्ण अधिकार लक्ष्मीबाईंना होता. जे सोसले ते थोडे नव्हते. त्यांनी काय केले? काही लपवले नाही. टिळकांचा राग लिहिला, विसराळूपणा लिहिला, न सांगता निघून जाणे लिहिले, स्वतःचे रडणे आणि स्वतःचा हट्टही लिहिला. पण मुलाच्या बापाला मुलाच्या नजरेत लहान केले नाही.

याच आठवणींतून १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या.

२८/
या कुटुंबाचे आणखी एक पुस्तक आहे, आज फारसे वाचले न जाणारे : ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य. टिळकांनी ते आरंभले आणि मृत्यूमुळे ते अपुरे राहिले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्याही गेल्या तेव्हा ते अजून थोडे बाकी होते.

शेवटचा अध्याय दत्तूने लिहिला.